पावसाळी वेळापत्रक

दरवर्षी जून उजाडला की कोकण रेल्वे आपल्या गाड्या मुद्दाम हळू करते. गुपचूप नव्हे, रीतसर जाहीर करून आणि नव्या वेळा छापून. बरीच वर्षं हे पावसाळी वेळापत्रक १० जून ते ३१ ऑक्टोबर असं चालायचं. २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर असं आटोपशीर केलं. या दिवसांत वीर ते कणकवली या डोंगर-बोगद्यांच्या पट्ट्यात गाड्या ताशी ७५ किलोमीटरच्या आत चालवतात, आणि पाऊस असा कोसळायला लागला की चालकाला पुढचं नीट दिसेना, तर वेग ताशी ४० वर आणतात. गाडी तीच, रूळ तेच, इंजिनाची ताकद तीच. वेळापत्रकातली मिनिटं मात्र वाढलेली.

माझं माहेर रत्नागिरी तालुक्यातलं, सासर कुडाळकडचं आणि संसार ठाण्यात. त्यामुळे या गाड्यांशी माझं नातं हौसेचं नाही, गरजेचं आहे. आणि इतक्या वर्षांच्या येण्याजाण्यातून माझं एक मत पक्कं झालंय, की आपल्याकडे वेळेबद्दल जेवढे कागद छापले जातात, त्यांत हा सगळ्यात प्रामाणिक कागद आहे.

ऑगस्टच्या कुठल्या तारखेला कुठल्या कटिंगमध्ये दरड येईल, हे कुणालाच सांगता येत नाही. पण या चार महिन्यांत कुठेतरी काहीतरी होणारच, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. जेवढं ठाऊक आहे तेवढ्यापुरती मिनिटं वेळापत्रकात घातली आहेत आणि जे ठाऊक नाही त्याचा आव आणलेला नाही. आपण मात्र बारा महिने मे महिन्याच्याच वेळापत्रकावर जगतो. मुलाला परीक्षेच्या तोंडावर ताप येणार, पाहुणे घरात असताना गॅस संपणार, साहेब साडेपाचला ‘जरा एक मिनिट’ म्हणून केबिनमध्ये बोलावणार. यात न घडलेलं असं काय आहे? तारीख तेवढी माहीत नसते. तरी दरवेळी आपण असे दचकतो, की जणू पाऊस यंदा पहिल्यांदाच पडला.

रेल्वेला हा शहाणपणा फुकट मिळालेला नाही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर गाडी आदळली आणि पन्नासच्या वर माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरली. त्यानंतर पावसाळ्यातल्या वेगाकडे आणि गस्तीकडे पाहण्याची नजरच बदलली. डोंगरउतारांवर जाळ्या आल्या, काही स्टेशनांवर आपोआप पाऊस मोजणारी यंत्रं बसली. रत्नागिरीजवळच्या पानवल नदीवरच्या ६४ मीटर उंच पुलावर वाऱ्याचा वेग मोजायची सोय झाली. आणि रात्री-अपरात्री रुळांवरून हातात दिवा घेऊन चालत जाणारा माणूस आहेच. गाडीच्या खिडकीतून तो क्षणभर दिसतो, रेनकोट घालून कटिंगच्या कडेला अंग चोरून उभा राहिलेला.

या मार्गाचं दुसरं वैशिष्ट्य असं की रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकुरपर्यंतच्या ७४१ किलोमीटरांतला बहुतेक मार्ग एकेरी आहे. रोहा ते वीर दुहेरीकरण २०२१ मध्ये झालं. बाकी ठिकाणी समोरासमोर येणाऱ्या गाड्यांनी एकमेकींना वाट द्यायची ती स्टेशनातच. एक उभी राहते, दुसरी निघून जाते, मग पहिली हलते. याला सगळे ‘क्रॉसिंग’ म्हणतात, आणि उभी राहिलेली गाडी आपली असली तर ‘साइडला टाकली’ असं जरा अपमान झाल्यासारखं सांगतात.

अशी एखादी गाडी आडवलीला साइडला टाकलेली असते. बाहेर पाऊस, चिऱ्यांच्या बांधावर चढलेलं शेवाळ, फलाटावर एक ओला कुत्रा. दारात उभा असलेला एक गृहस्थ स्वतःहून डब्याचा वार्ताहर झालेला असतो आणि दर पाच मिनिटांनी बातमी देतो, “अजून लालच.” वडेवाला दुसऱ्यांदा फिरून जातो, मघाशी ‘नको’ म्हणालेले आता घेतात. कुणीतरी फोनवर सांगत असतं, “अगं, आम्ही आडवलीतच आहोत अजून. त्या रिक्षावाल्याला सांग, पावणेदोनला ये म्हणावं. हो. नाही, तू जेवून घे.” बऱ्याच वेळानं समोरची गाडी धडधडत निघून जाते. तिला का उशीर झाला? तर तिलाही मागे कुठेतरी कुणासाठी तरी थांबावं लागलेलं असतं. आता इकडच्या गाडीचा उशीर पुढे राजापूरला, वैभववाडीला वाट बघणाऱ्या तिसऱ्याच गाडीच्या गळ्यात पडणार.

मोकळ्या वेळेबद्दल मला जे काही कळलंय ते या क्रॉसिंगवर. वेळापत्रकात घातलेली जादा मिनिटं फक्त आपल्या गाडीच्या सोयीसाठी नसतात, ती समोरून येणाऱ्यासाठी असतात. आपला उशीर आपल्यापाशीच जिरावा, त्याला पाय फुटू नयेत, एवढंच त्यांचं काम. दिवसभराची कामं एकाला एक चिकटवून लावणारा माणूस स्वतःला फार शिस्तीचा समजतो. पण त्याचं एक काम लांबलं की कामाला येणाऱ्या ताई दारात वीस मिनिटं ताटकळतात, मग त्या पुढच्या घरी उशिरा पोचतात, तिथली बाई ऑफिसला उशिरा निघते, आणि या साखळीच्या टोकाला कुणाचा तरी लेट मार्क लागतो. त्या टोकाच्या माणसाला आपण ओळखतही नसतो.

कामाला किती वेळ लागेल याचा आपला अंदाज मुळातच भाबडा असतो, हे आता मोजूनही झालं आहे. ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी १९९४ मध्ये कॅनडातल्या विद्यार्थ्यांबद्दलचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रबंध केव्हा पुरा होईल, असं त्यांना विचारलं होतं. त्यांनी सांगितले सरासरी ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले साधारण ५५. इथवर कुणालाच नवल वाटणार नाही. खरी गंमत पुढे आहे. सगळं जितकं बिनसायचं तितकं बिनसलं तर किती दिवस लागतील, असंही विचारलं होतं, आणि त्याचं सरासरी उत्तर होतं ४९ दिवसांच्या आतबाहेर. म्हणजे मुद्दाम वाईटात वाईट कल्पना करायला बसवलं तरी माणसाची कल्पना वस्तुस्थितीच्या अलीकडेच थांबते. म्हणून ‘मी सगळा विचार करून ठरवलंय’ असं कुणी म्हणालं की मी मनातल्या मनात त्यात निम्मे दिवस आणखी घालते. माझ्या सुतारानं मात्र हा अभ्यासही खोटा पाडला. त्याचे ‘चार दिवस’ कुठल्याच सरासरीत बसत नाहीत.

मग जादा वेळ ठेवायचा ठरवला, तर तो कुठे ठेवायचा? लांब पल्ल्याच्या गाडीनं मुंबईला येणाऱ्यांनी एक चमत्कार पाहिलेला असतो. गाडी पनवेलला उशिरा, ठाण्याला उशिरा, आणि शेवटच्या स्टेशनात मात्र बरोबर वेळेवर. सोडवायला गेलं तर कोडं सोपं आहे. वेळापत्रकातली जादा मिनिटं शेवटच्या टप्प्यात ठासून भरलेली असतात. एरवी जे अंतर लोकल झटक्यात कापते, त्याला या गाडीच्या नावावर भरघोस वेळ लावलेला असतो. कागदावर गाडी वक्तशीर होते. पण जो बिचारा संगमेश्वरला उतरला, त्याला त्या मिनिटांचा काडीचा उपयोग नाही.

आपला रविवार असाच आहे. सोमवार ते शनिवार तुंबलेलं सगळं त्याच्या अंगावर टाकायचं: इस्त्री, शाळेचं प्रोजेक्ट, बँकेचे कागद, आजारी काकांना बघून येणं, आणि जमलं तर विश्रांती. आठवडा कागदावर जुळतो, पण बुधवारी संध्याकाळी लागणारी अर्ध्या तासाची सवड रविवारी मिळून काय करायची? त्यात मुंबईकरांच्या रविवारी रेल्वेचाही मेगाब्लॉक असतो, तो वेगळाच.

पंचांगाचा हिशेबही याच चालीचा. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं. मधला अकरा दिवसांचा फरक साठत जातो आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक आख्खा अधिक महिना, म्हणजे धोंड्याचा महिना, घालून तो फेडतात. या महिन्यात लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, कार्यालयं थंड. कालगणनेनंच दिलेली सुट्टी म्हणा ना! पण २०२३ च्या अधिक श्रावणात आमच्या नात्यातल्या एकाही घराचा रविवार रिकामा गेला नाही. जावयाला धोंड्याचं जेवण, अनारशांचं वाण, तांब्याच्या दिव्यांची शोधाशोध. मिळालेल्या वेळात काम पसरत जातं, हे पार्किन्सननं १९५५ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये लिहून नाव कमावलं, आमच्याकडे ते धोंड्याच्या महिन्यात दरवेळी प्रयोगासह दाखवतात.

रिकामी जागा बघवत नाही यामागे एक समजूत आहे, की भरलेलं म्हणजे कार्यक्षम. ती समजूत कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग या गणितज्ञानं शंभर वर्षांपूर्वीच मोडीत काढायला सुरुवात केली होती. फोन केव्हाही येतात, कुणी दोन मिनिटं बोलतो, कुणी वीस. मग लाइनी किती हव्यात, यावर त्याचा पहिला निबंध १९०९ चा. त्यातून पुढे रांगांचं शास्त्र उभं राहिलं. त्यातला अगदी साधा नमुना घ्या. एकच खिडकी, माणसं वाटेल तेव्हा येणार, प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त. खिडकीवरचा माणूस निम्मा वेळ कामात असेल, तर खिडकीपाशी सरासरी एक माणूस दिसेल. ऐंशी टक्के कामात असेल तर चार, नव्वद टक्क्यांना नऊ, पंच्याण्णवला एकोणीस. कामाचा बोजा नव्वदाचा पंच्याण्णव झाला एवढंच, आणि रांग दुपटीच्या वर गेली. हे आकडे पाहिल्यापासून, बँकेत हातावर हात धरून बसलेला क्लार्क दिसला की मी नाक मुरडत नाही. तो बसलाय म्हणूनच मी रांगेत नाही.

अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या सेंट जॉन्स नावाच्या रुग्णालयात बत्तीस शस्त्रक्रियागृहं होती आणि सगळी आधीच लागलेली. अपघाताचा रुग्ण आला की ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलायच्या, डॉक्टरांनी मध्यरात्र उलटेपर्यंत ताटकळायचं, असा नेम झाला होता. तेव्हा एका सल्लागारानं सुचवलं, की एक शस्त्रक्रियागृह कायम रिकामं ठेवा. जागा पुरत नाही म्हणून रडणाऱ्यांना हे ऐकून काय वाटलं असेल! पण ठेवलं, आणि एकूण शस्त्रक्रिया वाढल्या. मुल्लैनाथन आणि शाफिर यांनी ‘स्कॅर्सिटी’ या २०१३ च्या पुस्तकात हा किस्सा दिला आहे.

अर्थात हे सगळं रोजच्या किरकोळ उशिरांपुरतं. १४ जुलै २०२४ ला खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली तेव्हा मार्ग साधारण एक दिवस बंद राहिला. पावसाळी वेळापत्रकातली जादा मिनिटं त्या दिवशी कुणाच्या कामाला येणार? अशा वेळी मिनिटं पुरत नाहीत, माणसं लागतात. माती उपसणारी, अडकलेल्या प्रवाशांसाठी एसटीच्या बस लावणारी, रात्रपाळी संपली तरी घरी न गेलेली. रेल्वे अशी माणसं आधीच बाळगून असते. कुणी रजेवर गेलं तर त्याच्या जागी उभी राहणारी ‘लीव्ह रिझर्व्ह’ माणसं, साप्ताहिक सुट्टीवरच्या स्टेशन मास्तरला सोडवणारा ‘रेस्ट गिव्हर’. ही पदं आहेत. त्यांना पगार आहे, हुद्दा आहे, पेन्शनचा कागद आहे.

आणि घरात? घरात दरड आली की आमच्याकडे आत्या होती.

वडिलांची धाकटी बहीण, लग्न न केलेली, काही वर्षं शिवणाचे क्लास घेतलेली. ‘तिला काय, ती मोकळीच आहे’ हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की ते तिचं आडनाव वाटावं. कुणाचं बाळंतपण, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कुणाची दहावी, कुणाची स्वयंपाकीण गावी गेलेली; आत्याची पिशवी भरलेलीच असे. दोन सुती पातळं, आयोडेक्स, चष्म्याचं घर, आणि कुणाचं तरी अर्धवट विणलेलं टोपडं. आम्ही सगळे आपापले दिवस काठोकाठ भरत होतो, नोकऱ्यांत बढत्या घेत होतो आणि वेळेचं नियोजन चांगलं जमतं म्हणून एकमेकांचं कौतुक करत होतो. ते जमत होतं, कारण आमच्या सगळ्यांची सवड एका माणसाच्या नावावर साठवलेली होती.

साठी उलटल्यावर आत्या डोंबिवलीला माझ्या चुलतभावाकडे राहायला आली आणि तिनं मोडी लिपीचा वर्ग लावला. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी. वही आखून, शाईचं पेन घेऊन, चारचौघींत बसून. एका शनिवारी मी तिथे गेले होते, तेव्हाचं तिचं आणि भावाचं हे बोलणं.

“आत्या, मंगळवारी फ्रिजवाला येणार आहे, दोन ते पाचमध्ये. तू आहेस ना?”

“नाही.”

“नाही म्हणजे?”

“वर्ग आहे माझा.”

“अगं, एक दिवस नाही गेलीस तर काय होतंय?”

“तू एक दिवस ऑफिसला नाही गेलास तर काय होतंय?”

भाऊ हसला. मग ती हसत नाहीये हे त्याच्या लक्षात आलं. ती वहीत ओळ पुरी करत होती, वर न बघता. आतल्या खोलीतून वहिनी दारापर्यंत आली, काही न बोलता परत गेली. फ्रिज मंगळवारी दुरुस्त झाला नाही, गुरुवारी झाला. दोन दिवस दूध शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये राहिलं. आणि गुरुवारी अर्धी रजा टाकून घरी कोण थांबलं? वहिनी. एका बाईनं मोकळी केलेली जागा दुसरीनं भरली, इतकं ते घर सरावलेलं होतं.

हे एका घराचं वैशिष्ट्य आहे असं कुणी समजू नये. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये देशातली माणसं आपला वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि ती कामं करणाऱ्या पुरुषांची ८८. या पाहणीत स्वयंपाक, धुणं, केर दिसतात. ‘कुणी आलं तर घरात असावं म्हणून थांबणं’ असा रकाना काढला तर आकडे कुठे जातील, याचा मला अंदाज आहे. कारण थांबणं हे काम वाटतच नाही. माणूस दोन ते पाच घरात आहे, फोनकडे लक्ष आहे, अंघोळीलाही जात नाही, कारण तेवढ्यात बेल वाजली तर? आणि संध्याकाळी विचारलं तर उत्तर येतं, “काही नाही केलं आज. घरीच तर होते.”

म्हणूनच ‘अनपेक्षित गोष्टींसाठी जागा ठेवा’ असा सल्ला देणारी पुस्तकं मला अर्धवट वाटतात. डायरीत रोज तासभर कोरा ठेवा, म्हणतात. ठेवावाच, उत्तम आहे. पण ज्याच्या डायरीत कोरा तास नाही त्याच्याही घरचा फ्रिज बिघडतोच, आणि तो दुरुस्तही होतो. म्हणजे तो तास कुणीतरी दिलेला असतो. सवड नसलेलं घर मी अजून पाहिलेलं नाही. पाहिली आहेत ती एकाच माणसाची सवड वापरणारी घरं. रेल्वे निदान ती मिनिटं स्वतःच्या वेळापत्रकात स्वतःच्या नावावर लावते, आणि गाडी हळू झाल्याबद्दलची बोलणीही स्वतःच खाते.

आत्याचा वर्ग अजून चालू आहे. आता ती जुनी खतं वाचून द्यायचं काम अधूनमधून घेते आणि त्याचे पैसे घेते. मंगळवारी दुपारी तिला फोन केला तर उचलत नाही.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी ‘दोन ते पाचमध्ये आमचा माणूस येईल’ असा फोन आला, तर ‘हो’ म्हणण्याआधी घरात मोठ्यानं विचारा, की त्या तीन तासांत कोण थांबणार आहे. आणि मागच्या वेळी जे थांबलं होतं, ते सोडून दुसऱ्या कुणीतरी थांबा.